दुसरा गळ

हिवाळ्यात तलावावर गळ टाकून बसायचं तर सोबत हवी, हे सगळेच मानतात. कशासाठी हवी, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच येतं: वेळ जावा म्हणून. पूर्व विदर्भातल्या तलावांच्या पाळींवर पौष-माघाच्या थंडीत बसण्यात बरेच हिवाळे गेल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. थंडीत जोडीदार हा मासेमारीच्या साधनांपैकीच एक असतो, तंगूस आणि शिशाइतकाच नेमक्या कामाचा. पावसाळ्याच्या अखेरीला किंवा उन्हाळ्याच्या तोंडाला एका गळावरही माणूस शिकतो, कारण सकाळपासून दहा-पंधरा वेळा बूच हलतं. आमिष बदललं, खोली बदलली की फरक तासाभरात दिसतो. पुसात आणि माघात अख्ख्या दिवसात दोन-तीनदा बूच हललं तरी दिवस बरा गेला म्हणायचा. अशा दिवशी एकट्याचा गळ संध्याकाळी कोरडा वर आला, तर त्यावरून काय समजायचं? मासा खातच नव्हता, की खात होता पण दुसरीकडे? आमिष चुकलं, की खोली चुकली? एका रिकाम्या गळाला ही चारही उत्तरं सारखीच लागू पडतात. म्हणून एकटा माणूस घरी जाताना जे कारण मनात आधीपासून होतं तेच घेऊन जातो. शेजारी दुसरा गळ असेल तरच रिकामेपणातून काही कळायला सुरुवात होते.

थंडीत मासा का मंदावतो, हे आधी पाहायला हवं. माशाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. भोवतालचं पाणी जितकं गरम, जवळजवळ तितकंच त्याचं शरीर. कटला, रोहू आणि मृगळ हे आपल्याकडचे तीन मोठे कार्प साधारण २५ ते ३० अंशांच्या पाण्यात सर्वांत जोमाने खातात आणि वाढतात. पाणी दहा अंशांनी उतरलं की शरीरातली सगळी घडामोड ढोबळमानाने निम्म्यावर येते. त्यात कार्प कुळातल्या माशांना आपल्यासारखं जठर नसतं. घशातल्या दातांनी चिरडलेलं अन्न सरळ आतड्यात जातं, म्हणजे पोटभर खाऊन साठवून ठेवायची सोयच नाही. उबदार पाण्यात आतडं लवकर रिकामं होतं, मासा पुन्हा खायला निघतो. थंड पाण्यात तेच अन्न कितीतरी वेळ पुढे सरकत नाही. तळ्यात मासे पाळणारे शेतकरी थंडी पडली की खाद्य कमी करतात ते याचमुळे. गळवाले मात्र नेमकं उलटं करतात. मासा लागत नाही म्हणून ते कोंडा आणि शेंगदाण्याच्या पेंडीचे आणखी चार गोळे पाण्यात सोडतात. दिवसभरात थोडंसंच खाणार असलेल्या माशाचं ते थोडंसं आपल्याच हाताने फुकट भरवून टाकायचं आणि मग गळावर त्याची वाट पाहत बसायचं, हे हिवाळ्यात पाळीवर रोज चाललेलं दिसतं.

दुसरी चूक ऐकीव सल्ल्याची आहे, आणि तिच्यावर थोडं थांबलं पाहिजे, कारण दोन गळांची गरज तिथेच सर्वांत स्पष्ट होते. ‘थंडीत मासा खोल पाण्यात जातो, म्हणून सर्वांत खोल जागी गळ टाक,’ हा तो सल्ला. तो खोटा नाही, पण तो मुळात इंग्लंडसारख्या देशांतल्या तलावांचा आहे. पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. जिथे तलाव गोठायला येतात तिथे हे ४ अंशांचं जड पाणी तळाशी बसतं आणि त्याहून थंड पाणी वर राहतं, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात तळच उबदार असतो. आपल्याकडे हा हिशेब लागू पडत नाही. नागपूर-गोंदियाकडे जानेवारीत पहाटेचा पारा सरासरीने १२-१३ अंशांपर्यंत उतरतो, थंडीची लाट आली तर ८च्याही खाली जातो. पण दुपारी तो २७-२८ला पोचलेला असतो, आणि पाणी हवेइतक्या लवकर थंड होत नाही. पहाटेच्या बोचऱ्या हवेत तलावात हात घातला तर पाणी कोमट लागतं, हे पाळीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. रात्रभर वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली उतरतं आणि खालचं वर येतं. उथळ तलावात ही घुसळण पहाटेपर्यंत चालते, आणि सूर्य उगवतो तेव्हा वरपासून तळापर्यंत पाणी जवळपास सारखंच गार झालेलं असतं. त्यानंतर ऊन्ह चढतं तसा आधी तापतो तो वरचा थर आणि काठाचा उथळ पट्टा. म्हणजे आपल्या तलावात खोल पाण्याला उबेचा मान नाही. दुपारी तर तिथेच सर्वांत जास्त गारवा असतो.

मग दुपारी मासा काठाला असतो, असं सरळ म्हणून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण मासा फक्त ऊब पाहत नाही. हिवाळ्यात गाळ बसलेला असतो, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म वनस्पतीही कमी झालेली असते, त्यामुळे पाणी निवळतं. निवळ उथळ पाण्यात मोठा मासा बगळ्याला, पाणकावळ्याला आणि माणसाला उघडा पडतो. खोल जागी गारवा असतो पण निर्धास्तपणाही असतो. प्राणवायूची अडचण तर हिवाळ्यात सहसा नसतेच: ३० अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, १५ अंशांना हाच आकडा दहापर्यंत जातो. म्हणून उन्हाळ्याच्या पहाटे जसा मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो, तसं करून तो हिवाळ्यात आपला पत्ता सांगत नाही. ऊब एकीकडे ओढते, भीती दुसरीकडे, आणि कोणत्या वेळी कोण जिंकतं हे तलावागणिक, किंबहुना दिवसागणिक बदलतं. ते पुस्तकात मिळणार नाही. ते एकाच वेळी दोन ठिकाणी गळ टाकूनच समजू शकतं.

आपल्याकडच्या जुन्या तलावांची घडणच अशी आहे की ही तुलना करायला दूर जावं लागत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात माजी मालगुजारी म्हणून ओळखले जाणारे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले बरेचसे गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने बांधलेले, धानाला पाणी मिळावं म्हणून. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांचा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मोठे असोत की लहान बोड्या असोत, तत्त्व एकच: उताराला आडवी मातीची पाळ घालायची आणि वरून येणारं पाणी अडवायचं. त्यामुळे सर्वांत खोल पाणी पाळीच्या पोटाशी असतं आणि समोरच्या अंगाला तलाव पसरट होत होत गाळपेरीच्या जमिनीत विरून जातो. पाळ जिथे मूळच्या उंचवट्याला जाऊन टेकते, तो कोपरा हिवाळ्यातल्या दोघांसाठी सर्वांत मोलाची जागा. तिथे वीस-पंचवीस पावलांच्या अंतराने दोघे बसले तर एकाचा गळ पाळीच्या कडेने खोल पाण्यात पडतो आणि दुसऱ्याचा वळून उथळावर. सावलीही लक्षात घ्यायला हवी. डिसेंबरच्या अखेरीला आपल्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य आकाशात निम्म्यापर्यंतच, साधारण ४५ अंशांवर चढतो. तेव्हा झाड जितकं उंच तितकीच लांब त्याची सावली उत्तरेकडे पडते. दक्षिणेच्या काठावर मोहा-करंजाची दाट रांग असेल तर त्या झाडांच्या उंचीइतका पाण्याचा पट्टा दुपारीही तापत नाही, आणि समोरचा उघडा काठ तापतो. वाऱ्याचंही तसंच आहे. दुपारचा मंद वारा वरचं तापलेलं पाणी ढकलत ज्या काठाला नेतो, तिथे ते साचतं. वाऱ्याकडे तोंड करून बसणं थंडीत नकोसं वाटतं, म्हणून बहुतेकजण वाऱ्याला पाठ देऊन नेमक्या गार काठावर बसतात.

दोन गळांची रीत साधी आहे, पण ती पाळायला मन आवरावं लागतं. दोघांमध्ये एका वेळी एकच गोष्ट वेगळी ठेवायची. खोली तपासायची असेल तर आमिष दोघांचं एकच हवं, गळाचा नंबर एक, तंगुसाची जाडी एक, टाकलेला चाराही एका मुठीइतकाच. आमिष तपासायचं असेल तर खोली सारखी हवी. दोन तासांनी जागांची अदलाबदल करायची, नाहीतर हाताचं कसब आणि जागेचा गुण यांत घोटाळा होतो. आणि बूच कसं हललं, हे दोघांनी सारखंच वाचायला शिकायचं. हिवाळ्यात ते सहसा सपकन बुडत नाही. मृगळ किंवा सायप्रिनस नावाचा आणखी एक कार्प तळावरचं आमिष ओठांनी आत ओढतो, चाचपतो, पुष्कळदा फुंकून बाहेर टाकतो. उबदार पाण्यात आमिष घेऊन तो चालू लागतो, म्हणून तंगूस ताणलं जातं. थंडीत तो जागचा हलत नाही. आमिष उचलताना शिशाचा मणी तळावरून जरासा सुटतो, तेवढा भार कमी होतो आणि बूच बुडायच्या ऐवजी ज्वारीच्या दाण्याएवढं वर येतं, किंचित कलतं आणि पुन्हा सरळ होतं. डोळ्यांत ऊन्ह असलं की हे दिसतही नाही. एकट्याने बसणारा अशा हालचालीला वाऱ्याची झुळूक म्हणून सोडून देतो. पंचवीस पावलांवरचं दुसरं बूच त्याच क्षणी स्थिर असेल तर मात्र ती झुळूक नव्हती, हे लगेच ठरतं. जोडीदाराच्या उपयोगाचा याहून लहान आणि याहून पक्का पुरावा मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप हिशेबी माणूस घेतो: दोन गळ म्हणजे कितीशी तुलना? एकाला मासा लागला, दुसऱ्याला नाही, हे निव्वळ नशिबानेही होईल. आक्षेप बरोबर आहे आणि तो नीट मान्य करायला हवा. दोन्ही जागा अगदी सारख्या असल्या तरी दिवसातले तिन्ही मासे उथळावरच्या गळालाच लागण्याची शक्यता आठात एक असते. म्हणजे हिवाळ्यात असा एखादा दिवस काही कारण नसताना येणारच. त्या एका दिवसावरून ‘मासा काठाला आहे’ असं गावभर सांगत सुटणं आणि एकट्याचा अंदाज, यांत फारसा फरक नाही. पण कार्तिकाच्या शेवटापासून माघापर्यंत दहा-बारा रविवार होतात. त्यांत ओळीने आठही मासे उथळावरच लागले तर नशिबाने तसं होण्याची शक्यता दोनशे छप्पन्नात एक उरते. यासाठी वही हवी. तारीख, ऊन्ह की ढग, वारा कुठून, पहिलं बूच किती वाजता हललं आणि कोणत्या गळावर, एवढ्या पाच गोष्टी पुरतात. रिकामा दिवसही लिहायचा, किंबहुना तो आधी लिहायचा. आठवणीत मासे राहतात, रिकामे दिवस पुसले जातात, आणि फक्त माशांवर उभं केलेलं ज्ञान एका पायावर उभं असतं.

दुसरा आक्षेप आवाजाचा. दोन माणसं आली की बोलणं आलं, आणि कार्प माशाला ऐकू चांगलं येतं. हेही खरं आहे. या कुळातल्या माशांच्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांची श्रवणशक्ती इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असते. पण आवाज पाण्यात जातो कसा, हे पाहिलं तर बोलण्याचा दोष कमी होतो आणि पायांचा वाढतो. हवेतून आलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परततो. पाळीच्या घट्ट मातीवर आपटलेली टाच, दगडावर सरकवलेला डबा, काठीचा ठोका यांचा हादरा जमिनीतून थेट पाण्यात उतरतो, आणि पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दोघे हळू आवाजात बोलत एका जागी बसले तर बिघडत नाही. एकटा माणूस कंटाळून दर पंधरा मिनिटांनी उठून जागा बदलत राहिला तर नक्की बिघडतं. आणि हिवाळ्यात कंटाळा एकट्यालाच जास्त येतो. जोडीदारामुळे पाय जागेवर राहतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. या तलावांवर पिढ्यान् पिढ्या ढिवर समाज मासेमारी करत आला आहे. त्यांच्याकडे ना वही, ना दोन गळांची तुलना. तरी थंडीत जाळं कुठे लावायचं हे त्यांना तंतोतंत माहीत असतं. मग हा खटाटोप कशाला? पण त्यांचं काम जवळून पाहिलं तर तेही तुलनेवरच उभं आहे. डोंग्यात माणसं दोन: एक वल्हवतो, एक जाळं सोडतो. संध्याकाळी वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या खोलीवर जाळी लागतात आणि सकाळी एकेक उचलताना कोणत्या जाळ्यात काय आलं, जाळ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, हे दोघांच्याही डोळ्यांसमोर असतं. वर कटला, मध्ये रोहू, तळाला मृगळ, ही मत्स्यशास्त्राच्या पुस्तकातली मांडणी त्यांच्या हातांना जाळ्यातूनच माहीत असते. एका रात्रीत पाच-सहा जाळ्यांची तुलना, तीही वर्षानुवर्षं, आणि संध्याकाळी वस्तीवर इतरांच्या जाळ्यांशी पडताळा. एवढा पुरावा ज्यांच्याकडे साठला आहे त्यांना वहीची गरज नाही. सुट्टीच्या दिवशी एक गळ घेऊन येणाऱ्याकडे त्याचा शंभरावा हिस्साही नसतो, म्हणून त्याला निदान दुसरा गळ तरी हवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे त्यांनाच विचारणं. आणि विचारावं लागतंच, कारण तलावातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि पुढे त्यातूनच मत्स्यबीजाचा सगळा व्यवहार वाढला. तलावातला रोहू म्हणजे संस्थेने विकत आणून सोडलेली, महिनोन् महिने राखलेली बोटुकली असते. परवानगी न घेता तिच्यावर गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातलं धान कापणं.

राहिला मनाचा आक्षेप. मोजमाप आलं की मैत्री जाते, दोघांत चढाओढ लागते, असं पुष्कळांना वाटतं. चढाओढ लागते ती मासे वेगवेगळ्या पिशव्यांत पडतात तेव्हा. पिशवी एक ठेवली आणि दिवसाअखेर निम्मे-निम्मे वाटून घेतले की कोणाच्या गळाला लागला याचं महत्त्व फक्त वहीपुरतं उरतं. उलट खोल पाण्याची पाळी ज्याच्याकडे होती, त्यानेही काम केलेलं असतं. त्याचा कोरडा गळ नसता तर दुसऱ्याच्या भरल्या गळाला काही अर्थच उरला नसता. दोन तास आपल्या वाट्याला वाईट जागा आहे हे माहीत असूनही तिथे गळ तसाच ठेवणारा माणूस सहजासहजी मिळत नाही. मासेमारीतल्या मैत्रीची परीक्षा मला तरी इथेच वाटते, आणि हिवाळ्याइतकी ती दुसऱ्या कोणत्याही ऋतूत होत नाही.

माघ उतरू लागला की गणित पुन्हा बदलतं. सायप्रिनस हा बाहेरून आलेला कार्प: १९३९मध्ये त्याची एक जात श्रीलंकेतून निलगिरीत आली, १९५७मध्ये दुसरी बँकॉकहून. तो आपल्या तीन कार्पांपेक्षा थंडी जास्त सोसतो आणि साचलेल्या पाण्यातच, जानेवारी ते मार्चमध्येही, पाणवनस्पतींना चिकटणारी अंडी घालतो. त्या दिवसांत काठाच्या वनस्पतींत खळबळ दिसली तर ती भुकेची नसते, आणि तिथल्या गळावर लागलेला मासा खोलीच्या तुलनेत धरायचा नाही. तो वेगळ्या रकान्यात लिहायचा. ढगाळ दिवसांचं कोडं त्याहून अवघड आहे. मावठ्याच्या आधी आभाळ भरून येतं तेव्हा रात्र उबदार जाते, म्हणून सकाळी पाणी नेहमीइतकं गार झालेलं नसतं. पण दुपारी ऊन्ह नसल्याने काठही तापत नाही. तर्काने पाहिलं तर अशा दिवशी खोल आणि उथळ सारखेच ठरायला हवेत. मात्र असे दिवस हिवाळ्यात मोजके येतात आणि त्या दिवशी पाळीवर यायला दोघांपैकी एक तरी कंटाळतो, त्यामुळे वहीत त्यांच्या नोंदी सर्वांत कमी आहेत. येत्या पुसात आभाळ भरून आलं की छत्री घेऊन दोघांनीही यायचं, एकाने पाळीच्या पोटाशी बसायचं आणि एकाने गाळपेरीकडे तोंड करून.